३० फुटी चेक कॉर्ड: दोरी उत्तम, शेवटचा फास मात्र कापून टाका

पॉइंटर, सेटर किंवा ब्रिटनी या शिकारी कुत्र्यांच्या पिल्लाला माळरानावर पक्ष्यांच्या कामाला, म्हणजे वासावरून पक्षी हेरून थबकायला, लावायचं तर चेक कॉर्ड, म्हणजे गळ्यातल्या पट्ट्याला जोडायची लांब शिकवणीची दोरी, हवीच. ही दोरी पॉलिप्रॉपिलीनची, अर्धा इंच जाड, ३० फूट लांब आणि टोकाला पितळी फिरकीचा हुक असलेली. हातात घेतली की कडक वाटते, पण तोच तिचा गुण. मऊ सुती दोरी खुंटांना वेढे घालते, पिल्लाच्या मागच्या पायांत गुंतते, दवात भिजली की जड होते. ही गवतावरून सळसळत मागे येते आणि मनगटाचा हलका झटकाही पट्ट्यापर्यंत पोहोचवते.

खरी परीक्षा कबुतराच्या लाँचरपाशी, म्हणजे आत ठेवलेलं कबुतर खटका दाबून उडवणाऱ्या पेटीपाशी. पिल्लाला वाऱ्याला आडवं चालवत आणावं, म्हणजे लाँचर दिसण्याआधी वास लागतो. मान वळली, पाऊल थबकलं की दोरी नुसती ताणून धरायची. तरीही ते पुढे घुसलं तर कबुतर लगेच उडवायचं, पण झटका द्यायचा नाही. पक्ष्याच्या वासापाशी शिक्षा झाली की काही पिल्लं पक्षी टाळूनच जायला लागतात, आणि ती खोड मोडणं महाकठीण. लाँचरही पिल्लाच्या नाकाशी उघडू नये. खटक्याच्या आवाजाने ते दचकतं. झटके 'थांब' शिकवताना, तेही आधी अंगणात, पक्षी नसताना.

आता उणिवा. मोकळ्या टोकाला विणलेला फास झुडपांत हमखास अडकतो आणि धावतं पिल्लू मानेला हिसका खाऊन आपटतं. तो कापा, टोक लायटरने वितळवून गोल करा. गाठ मारू नका, तीही अडकते. हुक मोठा आहे, लहान पिल्लाच्या जबड्यावर आपटतो. अगदी कोवळ्या पिल्लाला आधी १५ फुटांची बारीक दोरीच बरी. चामडी हातमोजे घातल्याशिवाय धरू नका, तळहात सोलून निघतात. चोक कॉलरला, म्हणजे ओढलं की आवळणाऱ्या पट्ट्याला, तर मुळीच जोडू नका. रुंद, सपाट पट्टाच हवा.

बायोथेनची, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेल्या पट्टीची, दोरी धुवायला सोपी, कुसळं धरत नाही, पण ओली झाली की हातातून निसटते. पाणथळ, चिखलाच्या जागी काम असेल आणि दोरी सारखी धुवावी लागत असेल तरच तिचा विचार करा. पॉलिप्रॉपिलीन उन्हात ठिसूळ होतं, म्हणून ही दोरी सावलीत टांगावी. धागे तुसासारखे उभे राहिले की बदलायची वेळ झाली.