सात महिने ट्यूब अ‍ॅम्प: क्लीन गोड, ओव्हरड्राइव्ह विजेच्या लाइनच्या मर्जीवर

गिटारचा दोन चॅनेलचा (क्लीन म्हणजे स्वच्छ आवाज, ओव्हरड्राइव्ह म्हणजे मुद्दाम फाडलेला) ४० वॉटचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. प्रीअ‍ॅम्पला (सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा) चार १२एएक्स७ ट्यूबा, पॉवरला (स्पीकर चालवणारा शेवटचा टप्पा) दोन ईएल३४, १२ इंची १६ ओहमचा एक स्पीकर. याच घडणीचे अ‍ॅम्प बरेच जण बनवतात, म्हणून मॉडेलचं नाव बाजूला ठेवून घडणीबद्दलच लिहितोय. वापर जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये रोज तासभर, शिवाय अधूनमधून बँडबरोबर.

क्लीनबद्दल तक्रार नाही. गेन (प्रीअ‍ॅम्पची वाढ) ३, मास्टर (एकूण आवाज) ५, ट्रेबल ५, मिडल ६, बास ४, प्रेझेन्स ३. सिंगल कॉइल पिकअपवर (तारांचा कंप पकडणारा गिटारचा भाग) स्वर स्वच्छ, तरी कोरडा नाही. तार जोरात मारली की टोकाला किंचित खरखर येते, तीच ट्यूबची गंमत. दोन कॉइलचा हमबकर पिकअप असेल तर गेन २ वर आणा, नाहीतर जाड तारा गुरगुरतात.

ओव्हरड्राइव्ह चॅनेलवर बहुतेक जण गेन ९, मास्टर १ असं ठेवतात आणि मग माशा घोंगावल्यासारखा आवाज येतो म्हणून अ‍ॅम्पला शिव्या घालतात. तिथे आवाजाची सगळी मोडतोड (डिस्टॉर्शन) प्रीअ‍ॅम्पमध्येच होते, ईएल३४ नुसत्या बसून असतात. गेन ५, मास्टर ४ करा. पॉवर ट्यूबा आणि स्पीकर कामाला लागतात, मिड भरतो, कॉर्डमधला एकेक स्वर सुटा ऐकू येतो. फ्लॅटमध्ये मास्टर ४ म्हणजे शेजारी दारात, हेही खरं. मग १६ ओहमचा, किमान १०० वॉट झेपणारा अ‍ॅटेन्युएटर (अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज खाली आणणारा डबा) लावा. स्पीकरची वायर काढून अ‍ॅम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. स्वस्तात भागवायचं तर पहिल्या सॉकेटमध्ये १२एएक्स७ काढून ५७५१ घाला. गेन फॅक्टर १०० वरून ७० वर येतो, करकर कमी होते. अ‍ॅम्पखाली दोन घड्यांची सोलापुरी चादर टाकली की फरशीतून खाली जाणारा बास बराच दबतो. मागच्या जाळीवर मात्र चादर नको, ट्यूबांना हवा लागते.

खटकणारी गोष्ट एकच: दोन्ही चॅनेलना टोन कंट्रोल सामायिक. ओव्हरड्राइव्हसाठी बास ३, मिडल ७ केला की क्लीन नाकातून बोलतं. उपाय म्हणजे कंट्रोल क्लीनला जमवून ठेवायचे आणि इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर यांच्यामधली जोडणी) ७ बँडचा ईक्यू पेडल (बास ते ट्रेबल पट्टी-पट्टीने कमीजास्त करणारा) लावायचा: १०० हर्ट्झला उणे ३ डेसिबल, ८०० ला अधिक ३. तो फक्त ओव्हरड्राइव्हच्या वेळी चालू.

आता विजेची लाइन. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी वाजवणाऱ्यांनी आधी मीटर लावून बघावं. २३० चे २०० व्होल्ट झाले की ट्यूब तापवणारा हीटर ६.३ व्होल्टवरून साडेपाचवर घसरतो, ट्यूबच्या प्लेटवरचा व्होल्टेज ४३० वरून ३७५ च्या आसपास येतो. क्लीन लवकर फाटतं, ओव्हरड्राइव्ह ओल्या गोधडीसारखं होतं, आणि माणूस गेनचं बटण फिरवत बसतो. ५०० व्हीए चा सर्व्हो (मोटरने व्होल्टेज सलग सांभाळणारा) स्टॅबिलायझर पुरतो. रिलेवाला घेतलात तर दर टप्प्याला 'टक' ऐकू येईल. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर भणभण ठरलेली.

बायस (काही वाजत नसतानाही पॉवर ट्यूबमधून वाहणारा करंट): ईएल३४ ची कमाल प्लेट मर्यादा २५ वॉट. ४३० व्होल्टला तिचे ७० टक्के म्हणजे ट्यूबमागे ४० मिलिअँपिअर. एप्रिल-मेच्या ४२ अंशांत, तेही बंद खोलीत, ३७ पुरे. आवाजात फरक जेमतेम, ट्यूब जास्त टिकते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

गुणगुण आली तर गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. थांबली तर दोष पिकअप, केबल किंवा अर्थिंगचा. तशीच राहिली आणि सूर १०० हर्ट्झचा असला तर फिल्टर कपॅसिटर तपासा. 'टिंग' असा काचेचा आवाज येत असेल तर अ‍ॅम्प चालू ठेवून, गेन ५ वर, पेन्सिलच्या लाकडी टोकाने एकेका १२एएक्स७ वर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून घंटी वाजली ती ट्यूब बदला. बहुधा ती पहिलीच निघते, कारण तिच्यामागे सगळा गेन उभा असतो.