कॉन्सर्टखेबाऊ: समोर बसावं की पाठीमागे?

ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ या संगीतगृहाचं तिकीट काढताना खरा घोळ होतो तो खुर्चीवरून. मोठ्या सभागृहात मंचासमोर खुर्च्या आहेत, तशाच वाद्यवृंदाच्या पाठीमागे, ऑर्गनच्या पायथ्याशी पायऱ्या-पायऱ्यांवरही आहेत. मी दोन्हीकडे बसलोय.

समोर बसलं की आवाज एकजीव येतो. 1888 साली सुरू झालेलं हे सभागृह नावाजलंय तेच त्याच्या घुमाऱ्यासाठी. वादक थांबले तरी स्वर दोनेक सेकंद छताखाली रेंगाळतो. तंतुवाद्यं, पितळी वाद्यं, सगळं एकमेकांत मुरून पोचतं. याबाबतीत समोरच्या खुर्चीला तोड नाही.

पण इथला मंच उंच आणि समोरची जमीन सपाट. पुढच्या रांगांतून मी संगीतकार ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना, ऐकला. त्याच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला ओबो या फुंकवाद्याची लांबलचक धून आहे, जीव ओवाळून टाकावा अशी. ती चालू असताना व्हायोलिनचा मुख्य वादक नुसता उभा असतो. मला दिसत होते त्याचे बूट आणि मागच्या खुर्च्यांचे पाय. ओबो बाई वाजवतेय की बुवा, शेवटपर्यंत कळलं नाही! डोळे मिटून ऐकणाऱ्यांना ही तक्रार क्षुल्लक वाटेल. मला वाजवणारा दिसल्याशिवाय मैफल पुरी वाटत नाही, त्याला काय करणार?

पाठीमागे समतोल बिघडतो, हे कबूल. टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, हाताच्या अंतरावर, आणि हॉर्नची तोंडं मुळातच मागे वळलेली, म्हणजे थेट तुमच्यावर रोखलेली. संगीतकार माहलरच्या पाचव्या सिंफनीत पितळेचा मारा सुरू झाला की पलीकडच्या व्हायोलिनवाल्यांचे गज नुसते हलताना दिसायचे. मग आला अडाजिएतो हा संथ भाग, फक्त तंतुवाद्यं आणि हार्प. माझ्या पुढ्यातल्या हॉर्नवाल्याने वाद्य शांतपणे फिरवून आतलं पाणी काढलं, ते मांडीवर ठेवलं आणि तोही आमच्यासारखाच श्रोता झाला. शिवाय कंडक्टर समोरून दिसतो. वाद्य शिरायच्या आधी त्याची भुवई कुणाकडे वळते, ते पाहून पुढे काय येणार याचा अंदाज बांधायचा नाद मला तिथेच लागला. तो मंचावर उतरतो तोही याच खुर्च्यांमधल्या जिन्याने.

कार्यक्रमात एकल गायन किंवा पियानो असेल तर मात्र निमूट समोरचं तिकीट काढावं. मागून गायिकेची पाठ दिसते, आणि पियानोचं झाकणही समोरच्यांसाठीच उघडलेलं असतं. मोठा गायकवृंद असला की मागच्या खुर्च्या त्यालाच लागतात, मग प्रश्नच मिटला.

1904 मध्ये खुद्द माहलरने इथे आपली चौथी सिंफनी एकाच संध्याकाळी दोनदा सादर केली होती. तिच्या शेवटच्या भागात सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका आहे, म्हणून पहिल्या वेळी मी समोर बसलो असतो. दुसऱ्या वेळेसाठी मागे जागा धरायला मात्र टाळ्या थांबायचीही वाट पाहिली नसती.