टॅपेटचा आवाज बंद, आणि हातात हेडकामाचं बिल

फोक्सवॅगनची जुनी एअरकूल्ड (हवेने थंड होणारी) बीटल बाळगणाऱ्यांसाठी लिहितोय. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेची) टकटक वाढली म्हणून माझी १६०० सीसीची गाडी एका मेकॅनिककडे दिली होती. या गाड्यांतला जाणकार अशी त्याची ख्याती. परत मिळाली तेव्हा इंजिन एकदम गप्प. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला होता, हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) काढून चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे टाकले, असं म्हणून त्याने बिल लावलं. पुरावा म्हणून कडेने खाल्लेला एक व्हॉल्व्ह हातात ठेवला. तिसरा सिलिंडर जास्त तापतो हे बीटलवाल्यांना माहीतच असतं, त्यामुळे थाप पटण्यासारखी होती.

पण गाडी सकाळी थंड असताना मिस मारायला लागली आणि तापली की सुधारायची. टॅपेट घट्ट असल्याचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यात मोकळी गॅप न उरल्याचं, हे अस्सल लक्षण. या इंजिनाचे सिलिंडर आणि हेड तापून फुगतात, तशी टॅपेटची गॅप वाढते. म्हणूनच सेटिंग पूर्ण थंड इंजिनावर करायचं, ०.१५ मिमीवर. परत दाखवायला नेली, तर गडी म्हणतो, “आता पूर्ण इंजिनच करावं लागेल.” तिथे माझं डोकं फिरलं.

गाडी रात्रभर थंड होऊ दिली आणि सकाळी पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. चारपैकी तीन ठिकाणी कम्प्रेशनचा जोर लागला, एका ठिकाणी पुली सुळकन निघून गेली. टॅपेट कव्हरची तार स्क्रूड्रायव्हरने खाली ढकलली. कॉर्कचं पॅकिंग जुनंच, भाजून चिकटलेलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला गॅप मोजायची ०.०५ मिमीची फीलर पातीसुद्धा शिरेना, रॉकर बोटांनी तसूभर हलेना. गॅपच आवळून टाकल्यावर आवाज बंद होणारच! व्हॉल्व्ह नीट टेकतच नसेल तर कसली टकटक? पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) टेकतो तेव्हाच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये उतरते. असाच चालवला तर तो खरोखर जळतो, आणि मग पूर्ण इंजिनाचं काम त्याच माणसाला मिळतं.

हेडकामाचं सोंग मात्र गाडीखाली वाकल्यावर उघडं पडलं. बीटलचं हेड काढायचं तर आधी इंजिन खाली उतरवावं लागतं. माझ्या गाडीत इंजिन धरणाऱ्या खालच्या दोन्ही नटांवर तेल-मातीचा जुना थर जसाच्या तसा होता, पान्याचा एक ओरखडा नाही. तो जळका व्हॉल्व्ह कॅलिपरने मोजला. माझ्या हेडला एक्झॉस्ट ३२ मिमीचा लागतो, इनलेट ३५.५चा. हा इनलेटपेक्षाही मोठा निघाला. कुठल्या इंजिनाचा होता देव जाणे.

नटांचे फोटो आणि कॅलिपरवरचं माप समोर ठेवल्यावर त्याने ‘पोरांनी घोळ केला’ म्हणत व्हॉल्व्हचे पैसे परत केले. मजुरी दिली नाही ती नाहीच.

आता चारही सिलिंडर ०.१५वर आहेत. टकटक थोडी येते, येऊ दे. कम्प्रेशन चारही ठिकाणी लागतंय, म्हणजे व्हॉल्व्ह वाचला असावा. तरी तिसऱ्याची गॅप लवकरच पुन्हा मोजणार आहे. ती आपोआप कमी होत गेली, तर व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा सीट झिजून व्हॉल्व्ह आत धसतोय असं धरायचं, आणि मग इंजिन खरंच उतरवावं लागेल. तेव्हा काढलेले व्हॉल्व्ह मी माझ्या डोळ्यांदेखत मोजून घेणार.