ज्वालामुखीचा प्रयोगसंच: फेसापेक्षा दगड सरस

पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी मागवलेल्या या संचात शंकूचा साचा, प्लास्टर, रंग, खाण्याचा सोडा, सायट्रिक आम्ल आणि दगडांचे नमुने मिळतात. लाल फेस उसळला की मुले हरखतात. मात्र तो फेस सोडा आणि आम्ल यांच्या अभिक्रियेतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, तर खऱ्या ज्वालामुखीत वर चढणाऱ्या शिलारसावरचा दाब कमी होऊन त्यात विरघळलेली वाफ व इतर वायू फुगतात, हा फरक पुस्तिकेत कुठेही सांगितलेला नाही. शिक्षकाने तो समजावला नाही, तर प्रयोग निव्वळ गंमत ठरतो.

खरे मोल दगडांचे आहे. प्युमिस हा ज्वालामुखीतून निघणारा हलका, सच्छिद्र दगड पाण्यावर तरंगतो आणि भिंगाखाली त्याची छिद्रे स्पष्ट दिसतात. काळा बेसॉल्ट मात्र हाताला जड लागतो व त्याच्या पोकळीत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक चमकतात. पुस्तिका इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर रेंगाळते. पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनी घडलेल्या आपल्या सह्याद्रीला किंवा अंदमानातील जागृत बॅरन बेटाला एक ओळही मिळत नाही, हे खटकते.

साचा पातळ आहे. प्लास्टर ओतण्यापूर्वी त्याला आतून तेलाचा हात लावावा, नाहीतर शंकू सुटताना कडा तुटतात.