ॲक्टिनचा बँड उलटा करून पाहा

जीवशास्त्राच्या लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. सहकाऱ्याच्या चित्रांवर डोळे झाकून विश्वास ठेवून मी फसले तेव्हा चौथ्या वर्षाला होते, म्हणजे अगदीच नवखी नव्हते.

पेपरमध्ये मी दुसरी लेखिका. पेशी वाढवणं, त्यांना औषधाचे डोस देणं आणि मजकुराचा पहिला खर्डा माझा. वेस्टर्न ब्लॉट (पेशींत एखादं प्रथिन किती आहे ते काळ्या पट्ट्यांनी, म्हणजे बँडनी, दाखवणारी चाचणी) मात्र सगळे सिनियरने केले. त्याला आम्ही दादा म्हणायचो. माझे ब्लॉट वाकडे, डागाळलेले यायचे आणि त्याचे बँड छापल्यासारखे सुबक. फिगर माझ्याकडे यायच्या त्या पॉवरपॉइंटमध्ये कापून, चिकटवून, तयार. मूळ स्कॅन मी एकदाही मागितला नाही. मागायचा म्हणजे दादावर संशय घेतल्यासारखं, नाही का!

सबमिट करण्याआधी प्लेजरिझमचा रिपोर्ट काढला. ७ टक्के. सर खूश, आम्ही खूश. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यामुळे आपल्याकडे सगळ्यांचा जीव त्या आकड्यात अडकलेला. पण आम्ही वापरलेलं सॉफ्टवेअर वाक्यं तपासतं, चित्राकडे ढुंकूनही बघत नाही.

पेपर छापून आला. वर्षभराने लॅबमध्ये आलेल्या नव्या मुलीला तेच काम पुढे न्यायचं होतं. चार महिने झाले तरी औषधाने पडणारा आमच्यासारखा फरक तिला दिसेना. अँटिबॉडी जुनी असेल, ट्रान्सफर नीट झाला नसेल, असं आम्ही सांगत राहिलो. मी तर तिला ‘हात बसायला वेळ लागतो गं’ असंही ऐकवलं. त्याची लाज अजून वाटते.

एका संध्याकाळी तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ‘ताई, फिगर २ मधला ॲक्टिन बघा.’ ॲक्टिन हे पेशींत नेहमी असणारं प्रथिन; प्रत्येक लेनमध्ये, म्हणजे एकेका नमुन्याच्या रकान्यात, प्रथिन सारखंच भरलंय, याची साक्ष हा ॲक्टिन देतो. त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही, नजर वरच्या मुख्य बँडवरच जाते. उजवीकडच्या शेवटच्या बँडला मिशीसारखं बारीक टोक निघालं होतं. मग तिने फिगर ५ उघडली. तीच मिशी, डावीकडे. तिने चित्र डावं-उजवं उलटवून पहिल्यावर ठेवलं आणि डाग न् डाग जुळला. एका फिगरमधल्या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या, दुसरीतल्या यकृताच्या!

दादा आधी म्हणाला, चुकून चिकटलं असेल. मग म्हणाला, मूळ स्कॅन जुन्या लॅपटॉपवर होते, तो बंद पडला. चुकून चिकटलेलं चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं कसं झालं, यावर तो गप्प.

नंतर कळलं, हे जुनंच दुखणं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपरमधली चित्रं डोळ्यांनी तपासल्याचं प्रसिद्ध केलं, त्यात ३.८ टक्के पेपरांत गडबड निघाली. अमेरिकेतल्या बेल लॅब्समधल्या भौतिकशास्त्रज्ञ यान हेन्ड्रिक शोनचं बिंग २००२ मध्ये फुटलं तेही असंच: वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत नॉइजसुद्धा (मोजमापातली अनियमित थरथर) तंतोतंत एक. तिथल्या समितीने सहलेखकांना गैरवर्तनाच्या आरोपातून मोकळं केलं. आमचा पेपर मागे घेतला गेला, त्या रिट्रॅक्शनच्या सूचनेत मात्र फक्त सगळ्यांची नावं होती, कोणी काय केलं याचा उल्लेख नाही. माझं थिसिसमधलं एक प्रकरण गेलं आणि दीड वर्ष वाढलं, तेही पाच वर्षांची फेलोशिप संपल्यावर.

तेव्हा पेपरवर सही करण्याआधी न कापलेला ब्लॉट मागा, मार्करच्या शिडीसकट, म्हणजे प्रथिनांचा आकार सांगणाऱ्या पट्ट्यांसकट. मशीनमधून निघालेली फाइल हवी, पॉवरपॉइंट नको, आणि तिची तारीख लॅबच्या वहीशी जुळवा. बघायला सुरुवात ॲक्टिनपासून करा. कॉन्ट्रास्ट टोकाला नेलात तर जोडाची रेघही कधी कधी उघडी पडते. दुसऱ्याकडे मागायचा संकोच वाटत असेल तर आधी आपल्या फाइल सगळ्यांच्या ड्राइव्हवर टाका, मग मागणं सोपं जातं. माझे ब्लॉट त्याच दिवशी तिथे जातात, वाकडे आणि डागाळलेले.