भर उन्हात डिजिटल मिक्सर: फेडरवाला, टॅबवाला की जुना ॲनालॉगच बरा?

साउंडचा धंदा करणारी बरीच पोरं सध्या ह्याच प्रश्नावर अडकलीयत. ॲनालॉग मिक्सर (सगळे माइक एकत्र करून आवाज कमी-जास्त करायचं यंत्र) काढून डिजिटल घ्यायचं पक्कं झालंय, पण कोणता घ्यायचा ते ठरत नाही, आणि दुकानात एसीत उभं राहून बघितलं की सगळेच भारी दिसतात, रंगीत नावं काय, आपोआप सरकणारे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) काय. पण तुमची निम्मी कामं दिवसाची असतील, म्हणजे साडेबाराच्या मुहूर्ताची लग्नं, शाळेचं गॅदरिंग, जत्रेतल्या कुस्त्या, पाडव्याची शोभायात्रा, दुपारच्या सभा, तर दुकानात बघितलेलं काहीच उपयोगाचं नाही. म्हणून इथे फक्त उन्हाचाच हिशोब मांडतोय, आवाज कुणाचा गोड हा विषय वेगळा.

दुपारचं थेट ऊन साधारण १ लाख लक्सच्या (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप) घरात असतं, ऑफिसातला उजेड ५०० लक्सच्या आसपास. साधा आयपॅड पूर्ण ब्राइटनेसवर ५०० निट्स (स्क्रीनच्या स्वतःच्या उजेडाचं माप) देतो. त्यामुळे ऊन थेट पडलं की स्क्रीन चालू असूनही तिच्यात आभाळ आणि तुमचा शर्टच दिसतो. शर्टचं खरंच सांगतोय, पांढरा शर्ट घालून मिक्सरवर बसलात की तो सगळा काचेत उतरतो, दिवसाच्या कामाला मी गडद टीशर्टच घालतो. आणि गॉगल पोलराइज्ड असेल तर टॅब एका बाजूला फिरवला की स्क्रीन काळीच पडते, नवीन पोरगा घाबरतो की टॅब गेला.

आता ॲनालॉग. यामाहाचा एमजी१६एक्सयू घ्या किंवा तसलाच कुठलाही. उन्हात ह्याला तोड नाही, कारण नॉबवरची पांढरी रेघ जिथे आहे तिथेच सेटिंग आहे, बघायला स्क्रीन लागत नाही. लेव्हलचे दिवे उन्हात दिसत नाहीत हे खरं, पण हेडफोन लावून पीएफएल (एकेक माइक फक्त हेडफोनवर ऐकायचं बटण) दाबलं की काम होतं. जनरेटरने झटका दिला तरी लाइट आल्या आल्या आवाज चालू, डिजिटल परत बूट होईपर्यंत माइकवरचा माणूस तुमच्याकडे बघत उभा राहतो (म्हणून डिजिटलला छोटा यूपीएस लावाच, कुठलाही घेतला तरी). तोटा असा की प्रत्येक चॅनेलला, म्हणजे प्रत्येक माइकच्या लाइनला, नीट ईक्यू (जाड-बारीक आवाजाचं ट्यूनिंग) नाही, मॉनिटरची (स्टेजवरच्या कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरची) शिट्टी घालवायला वेगळा ग्राफिक ईक्यू लागतो, आणि कालचं सेटिंग आज परत मिळत नाही. चार माइक आणि एक पेन ड्राइव्ह एवढंच काम असेल तर विकू नका, मनापासून सांगतो.

फेडरवाल्या डिजिटलमध्ये आपल्याकडे तीन नावं जास्त ऐकू येतात: बेहरिंगरचा एक्स३२ कॉम्पॅक्ट, ॲलन अँड हीथचा जुना क्यू-१६ आणि यामाहाचा टीएफ१. तिन्हीला १६ माइक इनपुट, तिन्हीला १७ मोटर फेडर, त्यामुळे कागदावर सारखेच वाटतात. उन्हात मात्र तिघं तीन बाजूला जातात. टीएफ१ ला ७ इंची टचस्क्रीन आहे आणि त्याचं ईक्यू, कॉम्प्रेसर (एकदम वाढलेला आवाज दाबणारा) असं बरंचसं काम त्या स्क्रीनवर बोट लावूनच होतं, हॉलमध्ये एकदम सोपं, पण स्क्रीन दिसली नाही तर हात बांधले गेले. क्यू-१६ ची स्क्रीन ५ इंचीच, पण गेन (माइकची मूळ पातळी), गेट (माइकवर कुणी बोलत नसताना तो बंद ठेवणारा), ईक्यू, कॉम्प्रेसर ह्यांचे वेगवेगळे नॉब वरती ओळीने दिलेत, चॅनेल सिलेक्ट केला की हात आपोआप तिथे जातो. शिवाय त्यावर चॅनेलची नावं दाखवणारे छोटे डिस्प्ले नाहीत, तुम्हीच पांढरी टेप लावून स्केचपेनने लिहायचं, दुकानात हे कमी वाटतं पण उन्हात ती टेपच सगळ्यात स्पष्ट वाचता येते. एक्स३२ कॉम्पॅक्ट मधला: ७ इंची स्क्रीन दिवसा दिसणारी म्हणून विकली जाते आणि सावलीत खरंच चांगली दिसते, नॉबही पुरेसे आहेत, सेटअपमध्ये जाऊन एलसीडी आणि दिव्यांचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून ठेवा म्हणजे झालं. टेप मात्र ह्यालाही लावा.

फेडरवाल्यात खरा धोका स्क्रीनचा नसतो, बटणाच्या दिव्याचा असतो. सेंड्स ऑन फेडर (ह्या बटणाने फेडर पब्लिकऐवजी मॉनिटरचा आवाज बदलतात) दाबून तुम्ही मॉनिटर सेट केला आणि ते बटण बंद करायचं राहिलं. रात्री ते बटण लखलखतं, दुपारी चालू आणि बंद सारखंच दिसतं. मग गायक हात वर करतो, तुम्ही त्याचा फेडर वर ढकलता, पब्लिकमध्ये काहीच फरक नाही म्हणून अजून ढकलता, आणि स्टेजवर मॉनिटर शिट्टी मारायला लागतो. म्यूटचंही तेच. त्यामुळे मी सवयच लावून घेतलीय, फेडरला हात लावण्याआधी डाव्या हाताचा तळवा बटणांवर आडवा धरून सावली करायची आणि दिवा बघायचा.

आता टॅबवाले, म्हणजे फेडर नसलेले, टॅबवरूनच चालवायचे बॉक्स: बेहरिंगरचा एक्सआर१८, साउंडक्राफ्टचा यूआय२४आर वगैरे. बॉक्स स्टेजवर, केबलचं जंजाळ नाही, रिक्षात मावतं, दोन जणांत काम होतं. हे सगळं खरंय आणि संध्याकाळच्या कामाला मीही हेच नेतो. पण ॲपल स्वतःच आयपॅड ३५ डिग्रीपर्यंत वापरा म्हणतं, आणि आपल्याकडे अकोला, जळगाव, चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतच पारा ४३-४४ ला जातो. मी स्वतः एका लॉनवरच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हातातला टॅब तापून बंद पडलेला अनुभवलाय, स्क्रीनवर नुसती तापमानाची सूचना, आणि गुरुजींचा माइक हळूहळू शिट्टीकडे चाललेला. बॉक्सवर एकही फेडर नाही, करणार काय, पळत जाऊन माइक स्पीकरपासून लांब केला. दुसरं म्हणजे वायफाय. मोकळ्या मैदानात सकाळी टेस्ट केलं तर मस्त चालतं, माणसं भरली की २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी होते. एक्सआर१८ च्या आतलं वायफाय २.४ चंच आहे, त्याच्या भरवशावर राहू नका, ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर घेऊन बांबूला माणसांच्या डोक्याच्या वर बांधा. यूआय२४आर चा एक फायदा, त्याला एचडीएमआयने कॉम्प्युटरचा स्क्रीन आणि शिवाय माउस जोडता येतो, टॅब गेला तरी कंट्रोल हातात राहतो.

सावलीचं म्हणाल तर मंडपवाल्याला आदल्या दिवशीच सांगा. वरती पांढरा कपडा किंवा ताडपत्री उष्णतेसाठी, आत पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना काळा कपडा, समोर स्टेजकडे मोकळं. काळा कपडा वरती टाकला तर आत भट्टी होते. मिक्सरच्या मागे वीतभर जागा सोडा, हवेच्या जाळीवर कपडा येऊ देऊ नका, यामाहाचे टीएफसुद्धा ४० डिग्रीपर्यंतचेच आहेत. स्टेज पूर्वेला असेल तर दुपारनंतर ऊन तुमच्या पाठीमागून थेट स्क्रीनवर येतं, तेव्हा मागची कनात हवीच.

तर माझं मत असं. दिवसाची कामं जास्त आणि बँड किंवा भजनी मंडळ असेल तर क्यू-१६ किंवा एक्स३२ कॉम्पॅक्ट, आणि टॅब फक्त स्टेजवर जाऊन मॉनिटर सेट करायला. त्यातही ऑपरेटर तुम्ही एकटेच असाल तर क्यू-१६, कामावर वेगवेगळी पोरं बसत असतील तर एक्स३२, कारण तो वापरलेली माणसं सहज मिळतात. टीएफ१ हॉलवाल्यांनी घ्यावा. टॅबवाला घ्यायचाच असेल तर दोन टॅब, एक चालू आणि एक सावलीत झाकलेला.

घेण्याआधी दुकानदाराला म्हणा, दुपारी बारा वाजता मिक्सर दारात काढा आणि एक्स्टेंशन लावून द्या. गॉगल घालून उभे राहा आणि तीन गोष्टी करून बघा: कोणता चॅनेल म्यूट आहे ते ओळखणं, सात नंबरचा गेन कमी करणं, सेंड्स ऑन फेडर बंद करणं. दुकानदार नाही म्हणाला तर एका दिवसाच्या कामाला तोच मिक्सर भाड्याने आणा, भाडं वाया जाणार नाही.