ड्रीम्स मॉल, भांडुप: माशी गाळे विकतानाच शिंकली

मॉलमधला गाळा स्वस्तात मिळतोय, घ्यावा का? मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि त्याचं उत्तर शोधायला भांडुपच्या ड्रीम्स मॉलइतकं बोलकं उदाहरण सापडणार नाही. मॉल बंद आहे, त्यामुळे हे परीक्षण गिऱ्हाइकासाठी नाही. गाळा विकत किंवा भाड्याने घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे.

जागेला नाव ठेवायला वाव नाही. भांडुप पश्चिम, एलबीएस मार्ग, रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर. याच रस्त्यावरचे कारखाने एकेक करून बंद झाले आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. म्हणजे पगारदार गिऱ्हाईक दाराशी आयतं आलेलं. एचडीआयएल या बांधकाम कंपनीने २००९ च्या सुमारास मॉल उभा केला तेव्हा हिशेब चुकीचा नव्हता. चुकलं ते पुढे. मॉल हजारावर गाळ्यांत चिरला गेला आणि गाळे एकेकट्या मालकांना विकले गेले.

बिल्डरच्या दृष्टीने हा सौदा झकास. पैसे एकरकमी हातात येतात आणि मॉल चालो न चालो, त्याचा जीव अडकत नाही. पण मॉल चालतो तो दुकानांच्या मांडणीवर. सुपरमार्केट किंवा मोठं कपड्यांचं दुकान हे अँकर. त्यांना भाडं मुद्दाम कमी लावतात, कारण माणसं ते खेचून आणतात. त्यांच्या वाटेवर छोटी दुकानं बसवायची आणि चौरस फुटामागे जास्त भाडं त्यांच्याकडून घ्यायचं. वर थिएटर आणि फूड कोर्ट, म्हणजे वर गेलेला माणूस उतरताना प्रत्येक मजला बघत येतो. सगळी जागा एका मालकाची असेल तर तो ठरावीक किमान भाडं किंवा विक्रीतला हिस्सा, यातलं जे जास्त ते घेतो. दुकान चालावं ही त्याचीही गरज असते आणि न चालणाऱ्याला तो उठवूही शकतो. हजार मालक असतील तर कोण कुणाला उठवणार? मोबाइल कव्हरचं एक दुकान चाललं की शेजारी तशीच पाच उघडतात. अँकरला लागणारी सलग मोठी जागा द्यायची तर दीड-दोनशे गाळेवाल्यांच्या सह्या हव्यात, आणि त्यातला एक दुबईत, एक कोर्टात, एकाचा पत्ताच नाही.

आता मेंटेनन्स. एक साधा, केवळ समजण्यापुरता हिशेब करू. हजार गाळे, प्रत्येकी २०० चौरस फूट, दर महिना १५ रुपये फुटामागे. म्हणजे गाळ्यामागे ३,००० आणि एकूण ३० लाख. यातले ४०० गाळे कुलूपबंद राहिले आणि त्यांच्या मालकांनी हात वर केले की जमा होतात १८ लाख. खर्च मात्र १८ वर येत नाही. सिक्युरिटी तेवढीच लागते, लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांचे वार्षिक करार तेवढेच, आणि उच्चदाब वीजजोडणी असेल तर वापर घटला तरी डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर वीजभारावरचा आकार, सुटत नाही. मग गाळेमालकांची सोसायटी काय करते? दर वाढवते. म्हणजे प्रामाणिकपणे भरणाऱ्यालाच जास्त भुर्दंड, आणि पुढच्या महिन्यात तोही थकबाकीदारांच्या यादीत.

यात सगळ्यात आधी बळी जातो चिलरचा, म्हणजे सेंट्रल एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्राचा. अख्ख्या मॉलच्या हिशेबाने बसवलेला मोठा सेंट्रिफ्युगल चिलर फार कमी लोडवर धड चालत नाही. सर्ज होतो, म्हणजे आतला वायू उलटा फिरतो, आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. निम्मा मॉल रिकामा असताना तो चालवणं म्हणजे पैसे जाळणं, म्हणून आधी एसीची वेळ कमी होते, मग तो फक्त शनिवार-रविवारी चालतो, मग कायमचा बंद. दुकानदार आपापले स्प्लिट एसी लावतात. त्यांचे आउटडोअर युनिट लावायला बाहेरची भिंत नसते, म्हणून ते मागच्या सर्व्हिस कॉरिडॉरमध्ये टांगले जातात. तो कॉरिडॉर आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा रस्ता असतो. तिथेच रिकामी खोकी, तुटके पुतळे, जुनी काउंटरं. वाढलेल्या वीजभारासाठी फॉल्स सीलिंगमधून जोड मारलेल्या वायरी. पडता मॉल ओळखायचा तर दर्शनी भाग बघू नका, हा मागचा कॉरिडॉर बघा.

बाकीची उतरंड नेहमीचीच. वरच्या मजल्याचा सरकता जिना आधी थांबतो आणि त्याच्यापुढे 'दुरुस्ती चालू' ची पाटी येते. लोक थांबलेल्या जिन्यावरून चढतात, पण त्याच्या पायऱ्या साध्या जिन्यापेक्षा उंच आणि दोन्ही टोकांना कमीजास्त असतात. म्हातारी माणसं आणि कडेवर मूल असलेल्या बाया एकदा अडखळल्या की पुन्हा वर जात नाहीत. वरची दुकानं बसतात. मग एक आड एक दिवे, एका मजल्यावरच स्वच्छतागृह चालू, फूड कोर्टात दोन काउंटर. रिकाम्या जागेत क्लासेस, छोटी ऑफिसं, गोदामं शिरतात. जो भाडं देईल तो भाडेकरू.

ड्रीम्समध्ये वरच्या मजल्यावर आलं ते थेट रुग्णालय. तोवर मॉलचा कारभार एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, नेमलेल्या प्रशासकाकडे गेला होता आणि २०१९ मध्ये खुद्द एचडीआयएल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली होती. कोविडच्या काळात तिथे सनराइज रुग्णालय सुरू झालं. २५ मार्च २०२१ च्या रात्री बाराच्या सुमारास पहिल्या मजल्यावर आग लागली. वर सत्तरहून अधिक रुग्ण होते. धूर वर चढला आणि ११ जणांचा जीव गेला. मॉलमध्ये रुग्णालय आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर म्हणाल्या होत्या. मॉलची अग्निशमन यंत्रणा कामाला आली नाही, हेही पुढे आलं. त्याच्या पाचच महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, नागपाड्याचा सिटी सेंटर मॉल दोन दिवसांहून जास्त जळत होता आणि महापालिकेने शहरभरच्या मॉलची तपासणीही केली होती. ड्रीम्स रुग्णालयाच्या आगीनंतर बंदच राहिला. मार्च २०२२ मध्ये त्या बंद इमारतीत पुन्हा आग लागली. तळघरात पाणी साचलं, कारण उपसा पंप चालवायला वीज लागते आणि विजेचं बिल भरायला कुणीतरी मालक लागतो.

ऑनलाइन खरेदीने मॉल मारले, हे पालुपद इथे लागू पडत नाही. याच एलबीएस मार्गावर घाटकोपरला आर सिटी २००९ मध्येच सुरू झाला. रस्ता तोच, गिऱ्हाईकही बरंचसं तेच, मोबाइलवर मागवणारी माणसंही तीच. तिथे गाळे भाड्याने आहेत आणि तो भरलेला असतो. एकच मालक म्हणजे हमी, असंही नाही म्हणा. १९९९ मध्ये मोठ्या थाटात उघडलेला हाजीअलीचा क्रॉसरोड्स एकाच घराण्याचा होता. सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवल्याशिवाय आत सोडत नसत, आणि तरी तो टिकला नाही. पण मालक एक असला की निदान विकता येतं, पाडता येतं, नवं काही करता येतं. हजार मालकांचा मॉल धड मरतही नाही.

तरीही गाळा घ्यायचाच असेल तर शनिवारी संध्याकाळी नव्हे, मंगळवारी दुपारी तीनला जा. प्रत्येक मजल्यावर चालू शटर मोजा. सर्वात वरच्या मजल्यावर निम्म्याहून कमी उघडी असतील तर पुढचं बघायची गरज नाही. गाळ्यात मोजपट्टी लावा. २०० फूट म्हणून विकलेला जुना गाळा आत १००-११० भरला तर नवल नाही, आणि मेंटेनन्स मात्र २०० वर लागतो. सोसायटीकडून दोन आकडे लेखी घ्या: एकूण थकबाकी आणि या गाळ्यावरची थकबाकी. मालमत्ता कराचं आणि पाण्याचं ताजं बिल बघा. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, पूर्ण आहे की अंशतः, आणि गाळ्याचा मंजूर वापर काय, हे नकाशावर तपासा.

मग फॉर्म बी मागा, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. कागद मिळाला तरी पंप रूममध्ये जाऊन या. पॅनेलवरचा स्विच 'ऑटो'वर हवा. बऱ्याच ठिकाणी तो 'मॅन्युअल'वर सापडतो, कारण पाइप कुठेतरी गळत असतो, दाब उतरला की तो भरून काढणारा छोटा जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो आणि त्या कटकटीला कंटाळून कुणीतरी स्विच फिरवून ठेवतो. मग आग लागली की स्प्रिंकलरची काचेची कुपी ६८ अंशांना फुटते खरी, पण मागून पाणी येत नाही. लाइनच्या शेवटचा टेस्ट व्हॉल्व्ह समोर उघडायला सांगा: पाणी जोरात यायला हवं, अलार्म वाजायला हवा आणि पंप आपोआप सुरू व्हायला हवा. 'आज माणूस नाही, उद्या या' असं उत्तर आलं तर टोकनचा चेक खिशातच ठेवा.

ज्यांचा गाळा आधीच अशा मॉलमध्ये अडकलाय त्यांनी नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), भाग दाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) आणि मेंटेनन्सच्या सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये लावाव्यात, सर्वसाधारण सभेची नोटीस आली तर जातीने हजर राहावं आणि गाळ्याचा कार्पेट आकडा, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, स्वतः मोजून लेखी कळवून ठेवावा. पुनर्विकासाची वेळ आली तर वाद त्याच आकड्यावर होतो.